जहाजाचं शिवणकाम

जहाजालाही कपडे लागतात. हे सांगितलं की माणसं हसतात, म्हणून तुम्ही आधीच हसून घ्या. मग पुढे वाचा.

आमच्या भिवंडीतल्या टेमघरच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यात दरवर्षी कोणी बँकेतले, कोणी कोर्टातले आपापल्या नोकरीबद्दल लिहितात. यंदा मी म्हटलं, मी लिहिणार. अंक काढणारे पाटील मास्तर म्हणाले, "आबा, तुम्ही बोला, मी लिहून घेतो." म्हटलं, न्हाय. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी, हात मोडलेला नाही. तुम्ही वेलांट्या नीट करा. माणसं मात्र नीट करू नका, ती जशी होती तशीच राहू द्या.

तर, काम काय होतं ते सांगतो. मुंबईच्या गोदीत मी एका ठेकेदाराकडे लॅगिंगचं काम करायचो. जुनी जहाजं वाफेवर चालत. खाली बॉयलर, बॉयलरमधून वाफेचे पाइप निघणार, ते इंजिनापर्यंत जाणार. काही पाइप माझ्या मांडीएवढे जाड. तो पाइप उघडा ठेवला तर दोन गोष्टी होतात. वाफ वाटेतच निवते आणि जहाजाचा जोर जातो. आणि तिथं ड्युटी करणाऱ्या पोराचा चुकून दंड टेकला तर कातडं पाइपालाच राहतं. म्हणून पाइपाला कोट घालायचा. आधी पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, भाकरीच्या पिठासारखी मळायची आणि पाइपावर थापायची. वाळली की वरून जाड कापड गुंडाळायचं आणि दाभणाने शिवायचं. जिथं वाफ उघडायची चावी असते, जिथं जोड असतो, तिथं उघडबंद करावं लागतं. तिथं गोधडीसारख्या गाद्या शिवून बसवायच्या. ती भुकटी, ते कापड, तो दोरा, सगळं एकाच मालाचं. अ‍ॅसबेस्टॉस. गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यात असतो ना, तोच. जळत नाही, कुजत नाही. आम्ही त्याला कापूस म्हणायचो, कारण तो दिसायचा तसा. हातात घेतला की मऊ. भिवंडीच्या माणसाला कापूस ओळखीचा, त्यामुळे त्याची कधी भीती वाटली नाही.

मला हे काम शिकवलं युसूफचाचांनी. ते इथलेच, निजामपुऱ्याचे. आधी लूमवर होते, मग मालकाशी भांडून गोदीत आले. भांडकुदळ माणूस, पण हात असा की त्यांचा टाका शोधायला भिंग लागलं असतं. पहिल्या दिवशी मी शिवलेली गादी त्यांनी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "ये क्या है?"

"गादी आहे, चाचा."

"मेरे को लगा बैल का तोबरा है. उधेड."

उसवली. पुन्हा शिवली. पुन्हा "उधेड". मी जिद्दीचा. त्यांनी तोंडाने चांगलं म्हणेपर्यंत जेवलो नाही. शेवटी म्हणाले, "चल, खाना खा ले. तेरे से अच्छा तो तेरा गुस्सा सीता है."

आम्ही बरीच जहाजं शिवली. पण लोकांना ऐकायचं असतं एकाच जहाजाबद्दल, ते विमानाच्या जहाजाबद्दल. नाव लिहीत नाही. तसं मोठं नाव माझ्या अक्षरात शोभणार नाही, आणि तुम्हाला ते ठाऊकच आहे. ते इंग्रजांनी त्यांच्या मोठ्या लढाईसाठी बांधायला घेतलं होतं. बांधून व्हायच्या आत लढाईच संपली. मग ते तसंच अर्धवट पडून राहिलं, काही वर्षं. पुढे आपल्या सरकारने ते विकत घेतलं, तिकडेच बेलफास्टला पुरं करून घेतलं आणि मुंबईला आणलं. विमानाच्या जहाजांत ते लहान, असं साहेब लोक म्हणत. मी पहिल्यांदा त्याच्या पोटात उतरलो तेव्हा मला तर वाटलं, आमचं अख्खं टेमघर यात मावेल आणि जत्रेलाही जागा उरेल. वरच्या सपाट माळावरून विमानं उडत. तीही वाफेच्याच जोरावर. बेचकीतून दगड मारतात तसं वाफेचं यंत्र विमानाला पुढे भिरकावून द्यायचं. म्हणजे विमान आकाशात उडालं त्यात थोडा आमच्या शिवणाचाही जोर होता. हे मी वैमानिकांना कधी बोललो नाही. त्यांनी विचारलंच नाही.

एकाहत्तरच्या लढाईच्या आधीची गोष्ट. बॉयलरला चीर गेली होती. हे तेव्हा गुपित होतं, आता सगळीकडे छापून आलंय. नवीन भाग मिळेना, आणि लढाईचे ढग तर दिसायला लागलेले. जहाज जाणार की धक्क्यालाच बसणार, यावर साहेब लोकांची डोकी पिकली. शेवटी पिंपाला कड्या घालतात तसे पोलादी पट्टे बॉयलरला आवळायचं ठरलं. पट्टे आवळणारे वेगळे. त्यावरून कोट घालायचं काम आमचं.

मी जीव ओतून शिवलं. एवढं देखणं शिवण मी स्वतःच्या लग्नाच्या सदऱ्यावरही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मधोमध सुरीने फाडलेलं. पट्टा तपासायचा होता म्हणून इंजिनिअर साहेबांनी उघडलं होतं. पुन्हा शिवलं, आधीपेक्षा घट्ट. पुन्हा फाडलं. तिसऱ्यांदा मी दोरा दुहेरी घेतला आणि टाक्याला टाका भिडवला. म्हटलं, आता फाडा. साहेब दक्षिणेकडचे, उंच, घामाने निथळत खाली आले. माझ्यासमोर सुरी लावली. सुरी चालेना. घामाची धार नाकावरून पडली, पण माणूस थांबला नाही, पुरं फाडूनच मोकळे झाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम बहुत अच्छा सीता है. इसलिए मेरे को गाली देने का मन करता है."

मी म्हणालो, "साहेब, मेरे को भी."

युसूफचाचांनी डोळे मिटून घेतले. आणि साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी मला समजावलं की ही चीर रोज बघावी लागणार, आणि एक दिवस जरी बघितली नाही तर खाली काम करणारी माणसं शिजून निघतील. हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग मात्र मी गाद्या केल्या, कडेला हूक लावले आणि तारेने गुंफल्या. जोड्याच्या नाड्या सोडतात तसं झटकन उघडायचं आणि झटकन बांधायचं. जहाज गेलं. पुढे त्याने काय केलं ते रेडिओने सांगितलं. परत आलं तेव्हा साहेबांनी मला खाली बोलावून एक गादी दाखवली. हूक झिजले होते, टाका एकही सुटला नव्हता. त्या शनिवारी घरी येताना माझी मान जरा जास्तच ताठ असावी, कारण आमची म्हातारी, तेव्हाची तरुण, दारातच म्हणाली, "मानंत लचक भरली का काय?"

आता तिच्याबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. तिचं नाव हिराबाई. मी आठवडाभर माझगावला खोलीवर राहायचो आणि शनिवारी गावी यायचो, सोबत आठवड्याच्या कपड्यांचं बोचकं. अंगावर, केसांत, भुवयांवर पांढरं. गावची पोरं ओरडत, "गिरणीवाला आला!" हिरा ते बोचकं विहिरीवर न्यायची. एकेक कपडा आधी हवेत जोरात झटकायची, मग भिजवायची. झटकला की पांढरा ढग उठायचा आणि उन्हात चमकायचा. ती हसायची, म्हणायची, "गोदीत काम करता का ढगात?"

आणि तिचा आवाज! ती परसातून "अवं, जेवाय या!" म्हणून हाक मारायची तेव्हा पार शेताच्या टोकाला असलेला मी तर उठायचोच, पण शेजारच्या शेतातला गडीही उठून हात धुवायचा.

त्या कापडाचे उरलेले तुकडे आम्ही सगळेच घरी नेत असू. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मी तिला तवा उतरवायला हातमोजे शिवून दिले. मग शेजारणींना पाहिजे झाले. आमच्या आळीत जहाजाचं फडकं घरोघर होतं. एवढ्यावर मी थांबलो नाही. आमच्या परसात तांब्याचा बंब आहे. त्याला मी मापाने कोट शिवला, खाली घेर, वर गळा, धुराड्याला कॉलर. सकाळी तापवलेलं पाणी दुपारपर्यंत कढत राहायचं. पाहुणे आले की मी आधी बंब दाखवायचो, मग चहा.

वर्षं गेली. जहाजाचं काम बदलत गेलं. विमान भिरकावणारं वाफेचं यंत्र काढलं, पुढच्या टोकाला चढण बांधली, कारण नवी विमानं तशीच उडत. त्या यंत्राच्या पाइपांना मीच घातलेले कोट मीच कोयत्याने फाडले. धूळ एवढी की समोरचा दिसेना. त्याच्यानंतर युसूफचाचांना धाप लागायला लागली. दमा आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते निजामपुऱ्यातच गेले. शेवटी शेवटी बोलायला पुरेल एवढा श्वास त्यांच्यापाशी नव्हता. भांडायला येईनासं झालं याचंच त्यांना जास्त वाईट वाटत असणार. मी तेव्हा दमाच समजलो.

जहाज म्हातारं झालं, समुद्रात जायचं थांबलं आणि लोकांना बघायला खुलं केलं. मी हिराला घेऊन गेलो. ती नवं लुगडं नेसलेली. विमानं ठेवायच्या मोठ्या दालनात आम्हाला फिरवलं. ती वर बघून बघून दमली. मग हळूच मला विचारलं, "यवढं मोठं जहाज, नि तुमचं शिवान कुठं हाय?"

भिंतीच्या कडेने एक पाइप गेला होता, पांढऱ्या रंगाने माखलेला. रंगाखाली टाक्यांची ओळ उठून दिसत होती. माझी असेल, चाचांची असेल, नाहीतर बेलफास्टच्या कुठल्या गोऱ्याची असेल. मी म्हणालो, "ही बघ, माझी."

तिने बोट फिरवलं. तिथला पोरगा ओरडला, "आजी, हात लावू नका!"

ही वळून म्हणाली, "का रं? शिवनारा माजा हाय."

पुढे ते जहाज भंगारात निघालं. तोडायला नेलं तेव्हा माझा मुलगा रमेश म्हणाला, चला आबा, शेवटचं बघून येऊ. मी गेलो नाही. ज्याचं माप आपण घेतलं, त्याला उघडं पडलेलं काय बघायचं?

इथवर लिहून थांबलो असतो तर पाटील मास्तरांना बरं वाटलं असतं. पण मी हे लिहायला बसलो ते पुढच्यासाठी.

मागच्या वर्षी हिराला खोकला लागला. साधाच. मग धाप. मग एक दिवस तिने परसातून मला हाक मारली. "अवं" पर्यंत आवाज आला आणि पुढचं खोकल्यात बुडालं. मी ओसरीवर बसलो होतो, जागेवरूनच कळलं की काहीतरी बिघडलंय. रमेश वडप्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, तो रजा टाकून आला. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकत अडकत ठाण्याला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई, वयाने माझ्या नातीएवढ्या. फोटो काढला. म्हणाल्या, छातीत एका बाजूला पाणी झालंय. मग त्यांनी विचारलं, "आजी काय काम करायच्या?"

रमेश म्हणाला, "घरकाम, शेतीचं."

"आणि बाबा, तुम्ही?"

हा प्रश्न मला कोणी विचारला की मी थांबत नाही. गोदी, जहाज, बॉयलर, पोलादी पट्टे, तीनदा फाडलेला कोट, सगळं सांगितलं. कोट कशाचा तेही सांगितलं. बाई लिहीत होत्या, त्यांचा पेन थांबला.

"बाबा, तुमचे कपडे कोण धुवायचं?"

उत्तर हिरानेच दिलं. म्हणाली, "मीच की. नुसतं धुवायची न्हाय, झटकायची पन. ढग उठायचा बगा, डॉक्टर."

बाईंनी आम्हाला घाबरवलं नाही, पण लपवलंही नाही. त्या कापसाची बारीक कुसळं छातीत जाऊन बसतात, म्हणाल्या, आणि कित्येक वर्षांनी कधीकधी कॅन्सर करतात. कामगाराला होतो तसा त्याचे कपडे धुणाऱ्या बायकोलाही होऊ शकतो. दुसरंही काही असेल. पाणी काढू, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू. तोपर्यंत काही धरून बसू नका.

धरून कसं बसू नका? हिराच्या पाठीतून सुईने पाणी काढलं, तुकडा पाठवला, आणि आम्ही घरी येऊन वाट बघत बसलो. मी चाचांची धाप आठवायचो. आणि त्यांचा तरी तो धंदा होता. हिने काय केलं होतं? नवऱ्याचे कपडे स्वच्छ केले होते, आणि चांगले केले होते. निष्काळजीपणे धुतले असते तर बरं झालं असतं, असं माझ्या डोक्यात यायचं. असले विचार कोणाला बोलून दाखवायचे?

बंबाचा कोट मी बोललो होतो, त्याबद्दलही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कोट कोरडा फाडू नका, ओला करा, गुंडाळा, मग पालिकेला विचारून काय ते करा. एवढी वर्षं त्या कोटाला मी कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. मी नाकाला फडकं बांधलं, कोट पाण्याने चिंब केला आणि वरून ताडपत्री घालून दाभणाने शिवून टाकला, बंबासकट. टाका सरळ आला. हिरा दारातून बघत होती.

"आता पानी कशात तापवू?"

"थंड पाण्याने अंघोळ कर."

"म्हातारपनी?"

"मग मी चुलीवर तापवून देईन."

"तुमी?" ती म्हणाली, आणि हसायला गेली, आणि खोकली.

रिपोर्टच्या दिवशी मी केबिनमध्ये जायला तयार नव्हतो. रमेशने ओढत नेलं. बाईंनी कागद बघितला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "टीबी आहे."

मी विचारलं, "नुसता?"

"नुसता. कॅन्सर नाही. छातीच्या अस्तराचा टीबी. औषधं पुरी घेतली की बरा होईल."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. रमेश सांगतो की मी बाहेर येऊन भरल्या बाकांसमोर मोठ्याने ओरडलो, "टीबी हाय! आमच्या हिराला टीबी हाय!" बाकावरची माणसं भराभर सरकली. एक बाई पदराने तोंड झाकून लांब जाऊन उभी राहिली. हिरा माझा सदरा खेचत म्हणाली, "अवं, जरा लाज धरा. लोकं टीबी ऐकून रडतात नि तुमी काय वरात काढली?" मी खाली जाऊन पेढे आणले. डॉक्टरीणबाईंनी एक घेतला. म्हणाल्या, टीबीचे पेढे पहिल्यांदाच खाते आहे.

गोळ्या पालिकेच्या दवाखान्यातून मिळाल्या. पण पहिली गोळी तळहातावर घेऊन ही अडून बसली. "तुमचा फोटो काढल्याबिगर मी गिळनार न्हाय."

"मला काय झालंय?"

"ते फोटोला विचारू."

मी अडेल आहे हे सगळं गाव जाणतं. हे अडेलपण मी कोणाकडून शिकलो ते गावाला ठाऊक नाही. फोटो काढला. माझ्या छातीच्या अस्तरावर ठिकठिकाणी पांढरे घट्टे पडले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती त्या धुळीचीच खूण. आज त्यापासून त्रास नाही, दरवर्षी दाखवत चला. म्हटलं, ठीक. जहाजाने आपल्या शिंप्यालाही काहीतरी शिवून दिलं म्हणायचं. माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की चाचांना कोणी हा फोटो काढायला लावला नाही.

ज्यांच्या घरात अजून जहाजाचं फडकं असेल, आमच्या आळीत असेलच, त्यांनी ते झटकू नये, जाळू नये. भिजवून पिशवीत बांधा आणि मला सांगा. मी येऊन बघेन.

हिराच्या गोळ्या आता संपल्या. तवा उतरवायला मी तिला लूमच्या चिंध्यांचे नवे मोजे शिवून दिले, चिंधीवर चिंधी घालून. परवा मी परसात लाकडं रचत होतो. ती आत भाकऱ्या करत होती, आणि चिंध्यांतून चटका बसला असावा. एकदम आवाज आला.

"अवं, जन्मभर जहाजाला कपडं शिवलं नि बायकोच्या हाताला धड मोजा शिवता येईना व्हय तुमाला!"

शेजारच्या वाड्यातला माणूस उठून उभा राहिला. मी हातात लाकूड धरून तसाच थांबलो आणि शेवटच्या शब्दानंतर खोकला येतो का ते ऐकत राहिलो. आला नाही. मग आतून तिने दुसरा श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.